ताई, तुम्ही काय शिकता?

दोस्तांनो, घरी पाहुणे आले की तुम्हांला पहिला प्रश्न कोणता विचारतात? "कितवीला आहेस रे?" आणि दुसरा? "मोठेपणी कोण होणार?" बरोबर ना? मग आपण ठरलेली उत्तरं देतो. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर. माझ्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं तर "मुकादम!" असंही सांगितलं होतं. पण "मी समाजकार्य शिकणार" हे उत्तर मी माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाच ऐकलं. आज त्या उत्तराचीच गोष्ट सांगते.

मी धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. (आपल्या जिल्ह्याचं नाव आधी उस्मानाबाद होतं, २०२३ मध्ये ते धाराशिव झालं, हे तुम्हांला माहीत असेलच.) दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. मी तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेत होते. तेवढ्यात खांद्याला झोळी, हातात वही अशा दोन ताया दारात उभ्या राहिल्या. एक आपल्या सोलापूरकडची, तर दुसरी थेट आसामची!

"ताई, तुम्ही काय शिकता?" पोरांनी लगेच विचारलं.

"समाजकार्य."

"म्हंजे गाव झाडायचं का?" एकानं विचारलं.

"न्हाई रे, म्हंजे निवडणुकीला उभं राहायचं," दुसरा म्हणाला.

तिसरा त्याच्याही पुढचा. "बाई, मला माहीत हाय! चौकात वाढदिवसाचा बोर्ड लागतो की न्हाई, त्याच्यावर लिहिलेलं असतं, समाजसेवक!"

सगळा वर्ग हसला. दोघी तायाही हसल्या. खरं सांगते, मलासुद्धा यापेक्षा फार जास्त माहीत नव्हतं. मनात म्हटलं, लोकांच्या उपयोगी पडायचं तर त्यात शिकायचं काय? आणि त्याची पदवी कशाला?

रिकामी जागा

पुढं त्या दोघी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी यायला लागल्या. गाणी शिकवायच्या, खेळ घ्यायच्या. आसामच्या ताईचं मराठी ऐकून पोरांची हसून मुरकुंडी वळायची. मग पोरंच तिची गुरुजी झाली. "ताई, 'खूप' नका म्हणू, 'लई' म्हणा!"

एक दिवस सोलापूरच्या ताईनं हजेरीपट पाहिला. तिसरीतल्या एका मुलीच्या नावापुढं महिनाभर गैरहजेरी होती.

"बाई, ही का येत नाही?"

"अहो, आई-बाप ऊसतोडीला गेलेत. घरी आजी असते. शिक्षणाकडे लक्षच नाही त्यांचं."

"तुम्ही घरी गेला होतात?"

मी गप्प झाले. एकदा गेले होते. दार लोटलेलं होतं. हाक मारली आणि परत आले. हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून मी मोकळी झाले होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी गेलो. आत चुलीजवळ आजी बसलेली, आणि आठ वर्षांची आमची पोरगी भाकरी थापत होती! आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीआधी चुलीशी बसलेली असताना आजीच्या पदरानं पेट घेतला होता. नातीनं घागरभर पाणी ओतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून ती आजीला सोडून हलत नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिनं आपणहून ठरवलं होतं.

मुलांनो, मला त्या क्षणी फार लाज वाटली. जिला मी आळशी समजत होते, ती एका माणसाचा जीव सांभाळत होती.

मला वाटलं, आता या ताया काय करतील? पैसे देतील? धान्य देतील? त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या आजीजवळ बसल्या आणि विचारलं, "आजी, तुम्हांला काय पाहिजे?"

आजी म्हणाली, "मला माझी भाकर दिसू दे, बाई. मंग लेकराला सोडते साळंला."

मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. आशाताईंना बोलावलं. पण आजी ऐकेना. "डोळा फोडून टाकतील माझा!" तायांनी वाद घातला नाही. वरच्या आळीत एका म्हातारीचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. तिलाच त्यांनी आजीकडे चहाला आणलं! दोघी म्हाताऱ्या तासभर बोलल्या आणि आजी तयार झाली. ऑपरेशनच्या दिवसांत पोरीचं जेवण शेजारच्या काकूंनी केलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमची पोरगी तिळगूळ घेऊन वर्गात आली. तिची जागा भरली.

जे जमलं नाही

पण प्रत्येक गोष्ट अशी गोड होत नाही हं! चौथीतला एक मुलगा आई-बापाबरोबर कारखान्यावर गेला होता. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. गावात हंगामी वसतिगृह असलं तर मुलं मागं राहू शकतात. दुसऱ्या गावी गेलीच, तर तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड मिळतं. पण हा पोरगा कार्ड न घेताच गेला. तायांनी खूप फोन केले. कधी फोन बंद, कधी "साहेब, आम्ही फडात हाव." पोरगा पाडव्याला परत आला, तेव्हा वाचताना जोडाक्षराला अडखळत होता.

तायांनी हेसुद्धा त्यांच्या वहीत लिहून ठेवलं. मी विचारलं, "हे कशाला लिहिता? गुण कमी होतील ना!"

ताई म्हणाली, "बाई, जमलं नाही ते लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी येणाऱ्याला कसं कळणार?"

तेव्हापासून मी दसऱ्याच्या आधीच गावात घरोघर फिरते. कोण जाणार, लेकरू कुणाजवळ राहणार, कार्ड काढलं का, सगळं वहीत मांडते. शिकवते मी, पण हे मात्र मी त्या पोरींकडून शिकले!

ही शाळा आली कुठून?

या ताया जिथून आल्या, ती जागा तुळजापुरातच आहे. भवानीमातेच्या दर्शनाला तुम्ही आला असाल. देवळाकडे गर्दी असते, पण आपसिंग्याच्या रस्त्याला लागलात तर सुमारे १०० एकरांचा शांत परिसर दिसेल. तो आहे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा.

या संस्थेचा जन्म मुंबईत झाला. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९३६ मध्ये तिथे समाजकार्याची शाळा निघाली. जागा होती नागपाडा, म्हणजे गिरणी कामगार आणि गोदी कामगारांच्या दाटीवाटीच्या वस्तीजवळ. पहिले संचालक होते डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती, सांगा पाहू? फक्त २०! भारतातली ही अशा प्रकारची पहिली शाळा. १९४४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, त्याआधी आपल्याकडे समाजकार्य नव्हते का? होते तर! जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींना शिकवले, अडलेल्या विधवांसाठी आपल्याच घरात आसरा दिला. गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावे झाडली, धर्मशाळा बांधल्या. ती मोठी माणसे कुठल्या महाविद्यालयात गेली नव्हती. पण असा माणूस प्रत्येक गावाला कुठून मिळणार? प्रत्येक घरात आजीबाईचा बटवा असला, तरी डॉक्टर तयार करायला महाविद्यालय लागतेच ना? तसेच हे.

तुळजापूरचा परिसर १९८६ मध्ये सुरू झाला. मुंबईत बसून खेड्याचे प्रश्न कळत नाहीत, त्यासाठी खेड्याजवळ राहायला हवे. म्हणून दुष्काळी मराठवाड्यातली ही जागा! पुढे २००४ मध्ये इथे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले आणि २०१२ पासून बारावीनंतरची पदवीही. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली तुळजापुरात शिकायला येऊ लागली. आपल्याकडची मुले पुण्या-मुंबईला जातात आणि आसामची ताई आपल्या गावाला येते, गंमतच आहे की नाही?

घोंगड्या आल्या, पण...

चांगले मन असले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. ते पुरत नाही, हे आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ४ वाजायला ४ मिनिटे कमी होती. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. तेवढ्यात जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आपल्या जिल्ह्यातले सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावे क्षणात ढिगारा झाली. सुमारे १०,००० माणसे गेली. घरे होती माळवदाची. जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छत. थंडी-उन्हात सुखाची घरे, तीच अंगावर कोसळली.

मी तेव्हा वर्षाची होते. आई सांगते, "तुला पदरात गुंडाळून अंगणात पळाले. मग पंधरा दिवस कुणीच घरात झोपलं न्हाई."

साऱ्या देशातून मदत आली. घोंगड्या, भांडी, जुन्या कपड्यांचे ढीग. देणाऱ्यांचे मन खरेच मोठे होते. पण एका घरी दहा घोंगड्या आणि दुसऱ्या घरी एकही नाही, असे झाले तर? आई-बाप दोन्ही गेलेल्या पोराचा सांभाळ कोण करणार? शेत कुणाच्या नावावर लागणार? हे प्रश्न घोंगडीने सुटत नाहीत. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते, मोजावे लागते, नीट लिहावे लागते. टाटा संस्थेने या गावांची तशी पाहणी केली. पुढे नवी गावे वसवताना गावकऱ्यांना त्यात सहभागी करून घेण्याच्या कामातही ही संस्था होती.

नव्या गावांतली घरे तीन मापांची ठरली. ज्याला शेती नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. तुम्हांला काय वाटते, हे बरोबर झाले का? ज्याची शेती कमी, त्याच्या घरात माणसेही कमी असतात का? आजही यावर दोन मते आहेत. वर्गात एकदा वाद घालून पाहा. समाजकार्य शिकणाऱ्यांना असेच प्रश्न सोडवावे लागतात, आणि त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात!

मग शिकतात तरी काय?

मी ताईंची वही मागून घेऊन पाहिली. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, कायदे, सरकारी योजना, पाहणी कशी करायची, असे कितीतरी विषय असतात. पण सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी त्याला 'फील्डवर्क' म्हणतात. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर, वस्तीत, दवाखान्यात, शाळेत किंवा गावात काम करायचे आणि आल्यावर अहवाल लिहायचा.

कामाच्या पद्धती मुख्यतः तीन. एकेका माणसाबरोबर काम करणे, म्हणजे व्यक्तिकार्य. आमच्या आजीबरोबर झाले ते हेच. दुसरे गटकार्य. त्या ताया पोरांचे खेळ घ्यायच्या ना, तो नुसता खेळ नव्हता. कोण कुणाला संघात घेत नाही, कोण नेहमी कोपऱ्यात बसतो, हे त्या पाहत होत्या. आणि तिसरे समुदाय संघटन. साऱ्या गावाने मिळून पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा प्रश्न हाती घ्यायचा. यात एक नियम मला फार आवडला. ज्याचा प्रश्न आहे, त्याला विचारल्याशिवाय काही करायचे नाही. आणि कुणी विश्वासाने सांगितलेले चारचौघांत बोलायचे नाही. म्हणून तर मीसुद्धा या लेखात कुणाचे नाव सांगितले नाही!

आता तुमच्या अगदी कामाची माहिती. १०९८ हा नंबर तुम्ही शाळेच्या भिंतीवर पाहिला असेल. संकटात सापडलेल्या मुलांसाठी दिवसरात्र चालणारा हा मोफत फोन. कुणी मारझोड करत असेल, कामाला जुंपले असेल, १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावत असतील, तर कुणीही फोन करू शकते, तुम्हीसुद्धा. हा फोन सुरू झाला १९९६ मध्ये मुंबईत, याच टाटा संस्थेच्या एका प्रकल्पातून. जेरू बिलिमोरिया या तिथे शिकवायच्या. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांशी बोलताना, अडचणीच्या वेळी या मुलांना हाक मारायला कुणीच नाही, हे ध्यानात आले आणि त्यातून हा फोन जन्मला. २०२३ पासून तो सरकारमार्फत चालवला जातो. बघा, एका प्रश्नातून केवढे मोठे काम उभे राहते!

"फुकट कामं करायची का?"

आता ते सुरुवातीचं उत्तर. माझ्याकडं चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी यंदा बारावीला आहे. एका दुपारी ती वडिलांना घेऊन माझ्याकडं आली. "बाई, तुम्हीच सांगा यांना. मला समाजकार्य शिकायचंय."

वडील खाली बघून म्हणाले, "बाई, तीन-तीन वर्षं शिकून लोकांची फुकट कामं करायची का? त्यापरीस तुमच्यावानी डीएड करंल, नाहीतर नर्सिंग."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू तीन एकरांवर घर चालवणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मग मी मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. सरकारी मोठ्या दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात. बालगृहात, तुरुंगाच्या कामात, परिविक्षा अधिकारी म्हणून, महिला बचत गटांच्या 'उमेद' अभियानात, कंपन्यांच्या सामाजिक कामांत आणि स्वयंसेवी संस्थांत या शिक्षणाला मागणी असते. नर्स असते, शिक्षक असतो, तसाच हाही पगारी पेशा आहे. पण दुसरी बाजूही सांगितली. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पुष्कळ नोकऱ्या कंत्राटी असतात. खेड्यापाड्यांत, वेळी-अवेळी फिरावं लागतं. शिकायला खर्च येतो, शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करावी लागते. २०१८ मध्ये टाटा संस्थेच्याच विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांच्या शुल्कासाठी संप केला होता, हेही मी लपवलं नाही. शिवाय हे शिक्षण देणारी महाविद्यालयं इतर ठिकाणीही आहेत. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, आणि नव्या धोरणानुसार चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं पत्रक नीट वाचायचं.

वडील बराच वेळ गप्प होते. मग पोरीकडं वळून म्हणाले, "तुला का करायचंय हे?"

ती म्हणाली, "दादा, आपली बोअर आटली तेव्हा तुम्ही सहा महिने कुणाशी बोलत नव्हता. तवा आपल्या दारात येऊन 'काय झालं' म्हणून कुणी इचारलं होतं का? मला ते इचारायचंय."

मुलांनो, यावर मी काय बोलणार? वडिलांनी नुसती टोपी काढली, पुन्हा घातली.

परवा एसटीत ते मला भेटले. तुळजापूरला निघाले होते. म्हणाले, "बाई, एकदा जाऊन बघून येतो म्हणलं. पोरींच्या राहायची सोय नीट हाय ना तितं?"

अजून काहीच ठरलेलं नाही. निकाल यायचाय, प्रवेश मिळायचाय, पैशाचंही बघायचंय. पण बापानं एसटीचं तिकीट काढलंय!

तुम्हांला लगेच पदवी घ्यायला मी सांगत नाही, अजून तुम्हांला पुष्कळ वेळ आहे. पण एक काम मात्र याच आठवड्यात करता येईल. तुमच्या वर्गात कुणाची जागा बरेच दिवस रिकामी आहे का, बघा. असेल तर शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा. "का येत नाहीस?" असं दरडावून विचारू नका. नुसतं शेजारी बसा आणि म्हणा, "काय चाललंय?" मग तो काय सांगतो, ते नीट ऐका. तुमच्या-तुमच्यात सुटण्यासारखं असेल तर सोडवा, नसेल तर तुमच्या बाईंना नाहीतर गुरुजींना सांगा. आणि तेही माझ्यासारखे शेरा मारून मोकळे झाले असतील, तर त्यांना हात धरून घेऊन जा!